उदासीची वाटणी

त्रिशलाबाई मगदूम यांचं माणसांबद्दल मत चांगलं नव्हतं आणि यंत्रांबद्दल त्याहून वाईट होतं. माणूस खोटं बोलताना निदान नजर चुकवतो, यंत्राला तेवढीही लाज नसते, असं त्या म्हणायच्या. इचलकरंजीच्या एका हायस्कूलमध्ये त्यांची सगळी नोकरी पी.टी. शिकवण्यात गेली होती आणि सगळे रविवार कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभं राहण्यात. आता वय त्र्याहत्तर. नवरा धनपाल जाऊन बरीच वर्षं झालेली, मोठा मुलगा श्रेणिक कोल्हापुरात, धाकटा सम्मेद बंगळुरात, आणि त्या स्वतः मैदानामागच्या दोन खोल्यांत एकट्या. एकट्या, पण कुणाच्या मिंध्या नाहीत. हे त्या भेटेल त्याला न विचारता ऐकवायच्या.

गल्ली त्यांना टरकून असे. समोरचे निवृत्त बँकवाले योगाच्या नावाखाली सतरंजीवर घोरतात, वरच्या मजल्यावरची बाई भजनाला नाही तर साड्या दाखवायला जाते, आणि मैदानावर हल्ली जी पोरं खेळतात त्यांना दम लागतो तो मोबाईल उचलताना. हे सगळं त्यांनी ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगितलेलं होतं. लोक म्हणत, बाई अजून ठणठणीत आहेत, तोंड बघा की कसं चालतंय.

अशा बाईला मनमापनाची, म्हणजे सरकारी केंद्रात उदासी मोजून घ्यायची, नोटीस आली.

म्हातारपणी मन कुणाचं खचतं, यावर जगभर ढिगानं अभ्यास झाले होते. पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त, जोडप्यांपेक्षा विधवा-विधुरांचं जास्त, भरल्या घरात राहणाऱ्यापेक्षा एकट्याचं जास्त. शिक्षण कमी, मिळकत कमी, दुखणी फार, बोलायला कुणी नाही, की धोका वाढला. पण हे सगळे हिशेब गर्दीचे होते. शंभर विधवांमध्ये साधारण किती उदास असतील एवढं त्यावरून कळायचं. समोर बसलेली ही एक विधवा नवऱ्यामुळे उदास आहे, गुडघ्यांमुळे आहे की सुनेमुळे, हे कुणालाच सांगता यायचं नाही. एखादी नवरा गेल्यावर सुटले म्हणून सुखानं झोपतही असेल. गर्दीच्या हिशेबात तीही दुःखी धरली जायची.

मग विभाजक नावाचं यंत्र आलं. माणसाला दीर्घकाळ ताण सोसावा लागला की त्याच्या पेशींतल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं असतात तशा या खुणा थराथरानं साठतात, आणि कुठला थर साधारण कधीचा हे रक्ताच्या थेंबावरून वाचता येऊ लागलं. त्याला जोड मिळाली फोनची आणि मनगटावरच्या पट्टीची. झोप किती, चाल कशी, आवाज कुठल्या पट्टीत, कुणाशी किती बोलणं. एवढं सगळं हाताशी घेऊन विभाजक त्या माणसाची हजारो कल्पित जुळी भावंडं तयार करी आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदलून बघे. एका जुळ्या बहिणीचा नवरा जिवंत ठेवायचा, दुसरीला मुलाच्या घरी राहायला पाठवायचं, तिसरीचे गुडघे धड करायचे. कुणाची उदासी किती उतरली ते पाहायचं आणि त्यावरून खऱ्या बाईच्या उदासीत कशाचा किती वाटा आहे ते शंभरात मांडायचं. शास्त्रज्ञांनी या हिशेबाला भलंमोठं नाव दिलं होतं. लोक त्याला वाटणी म्हणू लागले. शेत, घर आणि आईच्या पाटल्या यांच्या वाटण्या करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना दुसरं नाव सुचणार तरी कसं?

आणि मग लोकांनी जे करायचं तेच केलं. लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी मुलाच्या आजीची वाटणी मागू लागले. आजीच्या उदासीत सुनेचा वाटा किती, यावरून घर कसं आहे ते ठरायचं. "आमच्या आईच्या उदासीत आमचा फक्त दीड टक्का" असं सांगून लोक सोसायटीत पेढे वाटायचे. आईला काय झालंय, हे पेढे खाणारा विचारायचा नाही आणि देणारा सांगायचा नाही. हातकणंगल्याच्या दोन सख्ख्या भावांनी अर्ध्या टक्क्यावरून हॉटेलात एकमेकांच्या अंगावर ताटं फेकली. त्या वेळी त्यांची आई कुठं होती, हे बातमीत कुणी लिहिलं नाही.

त्यात सरकारनं कायदा केला. ज्याचा उदासीचा आकडा तांबड्या रेषेच्या वर जाईल, त्याचं सगळ्यात मोठं कारण तीन महिन्यांत हललं पाहिजे. हललं नाही, तर त्या माणसाला एकटं राहू द्यायचं नाही. मुलाच्या घरी, नाहीतर सरकारी सहनिवासात. त्रिशलाबाईंना धास्ती होती ती याचीच. आपण उदास नाही याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, पण यंत्र गाढव असतं. विधवा, एकटी, वय सत्तरच्या पुढं, एवढं बघूनच ते तांबडा दिवा लावील आणि आपल्याला श्रेणिकच्या नवव्या मजल्यावर नेऊन बसवील. तिथं खिडकी उघडता येत नव्हती. दोन खोल्या सुटल्या की आपण संपलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नोटीस आली तशी पोरांना आईची माया दाटून आली. श्रेणिक बायकोला घेऊन दर शनिवारी यायला लागला. बंगळूरचा सम्मेद रोज पडद्यावर उगवायला लागला.

"आई, उद्या आपण बाहुबलीला दर्शनाला जाऊया," श्रेणिक म्हणाला.

"का रे? देव काय बदली होऊन चाललाय?"

"असं काय करतीस? तुला बरं वाटंल म्हणून."

"मला की मशीनला?"

श्रेणिकनं बायकोकडं पाहिलं. प्राजक्तानं लगबगीनं डबा उघडला. आत पुरणपोळ्या होत्या. लग्न होऊन आलेल्या दिवसापासून तिनं सासूला पुरणपोळी करून घातली नव्हती, कारण पहिल्याच पोळीला त्रिशलाबाईंनी नाव ठेवलं होतं. आता मात्र ती "आई, गरम आहे तोवर घ्या ना" म्हणत समोर बसली. त्रिशलाबाईंनी पोळी खाल्ली. पोळी चांगली झाली होती. तसं सांगायची मात्र त्यांना गरज वाटली नाही.

गावभर हेच चाललं होतं. मापनाच्या आधी महिनाभर म्हाताऱ्यांना देवदर्शन, नवी लुगडी, नातवंडांच्या पाप्या, आणि मापन झालं की पुन्हा खुर्ची बाल्कनीत. जनुकांवरच्या खुणा वर्षानुवर्षांच्या असतात, त्या चार पुरणपोळ्यांनी पुसत नाहीत, हे केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. लोक त्याच भिंतीला टेकून आईला डबा भरवत होते.

मापन झालं आणि पंधरवड्यानं निकाल ऐकायला बोलावणं आलं. केंद्रात डॉ. केतकी शिरगावे नावाची तरुण मुलगी होती. तिनं "आजी" म्हणून सुरुवात केली.

"तुमची आजी मी नव्हे. बाई म्हणा."

"बाई," डॉक्टरनं न रागावता दुरुस्ती केली. "तुमचा आकडा तांबडा आहे. बराच वर आहे."

पडद्यावरचा सम्मेद हसला. "डॉक्टर, मशीन तपासून घ्या. आई उदास नसते. आई दुसऱ्यांना उदास करते."

श्रेणिकही हसला. हे एक त्यांना बापासारखं छान जमायचं, आईवर दुसऱ्यांच्या देखत हसणं.

डॉक्टर हसली नाही. "म्हातारपणी उदासी दर वेळी रडत येत नाही," ती म्हणाली. "पुष्कळदा ती चिडचिड होऊन येते. सगळं फालतू वाटतं. माणसं मूर्ख वाटायला लागतात. घरच्यांना वाटतं, तोंड चालतंय म्हणजे तब्येत उत्तम."

"माणसं मूर्ख आहेतच," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"आहेत की. पण चार वर्षांपूर्वीपर्यंत तुम्हाला त्यांची गंमत वाटायची. पट्टीतल्या नोंदीत तुमचं हसणं आहे, रोजचं, मोठ्यानं. गेल्या चार वर्षांत ते एकदाही नाही."

त्रिशलाबाईंना त्या मुलीचा राग आला.

"वाटणी सांगा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं पडद्याकडं पाहत सांगितलं. नवरा जाणं, सहा टक्के. दुखणी, नऊ. एकटं राहणं, दोन. दोन ऐकताच त्रिशलाबाईंनी श्रेणिककडं अशी नजर टाकली की त्यानं नववा मजला मनातल्या मनात उतरून ठेवला.

"मोठ्या मुलाचा वाटा तीन. धाकट्याचा दोन. सुनेचा जवळजवळ नाहीच."

"मग बाकीचं?" श्रेणिकनं विचारलं. "ते तर सत्तरच्या वर उरतंय."

"ते सगळं एकाच माणसाचं आहे. घरातलं नाही. रोजचं येणं-जाणं होतं, चार वर्षांपूर्वी एकदम तुटलं." डॉक्टरनं पडद्यावरून नजर काढली. "बाई, दर वर्षी पर्युषण संपलं की एका दिवशी तुम्ही फोनमधल्या सगळ्यांना एकच निरोप पाठवता."

"क्षमावाणीचा. उत्तम क्षमा. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणून. आम्हा जैनांत पाठवतात सगळेच."

"हो. तुम्ही गॅसवाल्याला पाठवता, विमा एजंटला पाठवता. ज्यांना ओळखतही नसाल अशा दोनशे जणांना पाठवता. चार वर्षं एक नंबर तेवढा वगळता. सगळ्यांना एका बोटानं जातं ते, एकाला वगळायचं तर मुद्दाम शोधून काढावं लागतं. विभाजकाला धागा तिथून मिळाला."

नाव डॉक्टरनं सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही. झुलेखा मावशी तिघांनाही माहीत होती.

झुलेखा मुजावर त्याच शाळेत गणित शिकवायची आणि पलीकडच्या गल्लीत राहायची. कबड्डीच्या मैदानावर दोन्ही बाजूंना एकेक पंच उभा असतो. एका रेषेवर त्रिशलाबाई असायच्या, समोरच्या रेषेवर झुलेखा. चढाई करणाऱ्याचा पाय रेषेला लागला की नाही, यावर दोघींचं कधीही एकमत झालेलं कुणी पाहिलं नाही. सामना संपायचा, बक्षीस वाटून व्हायचं, खेळाडू विसरून जायचे, आणि या दोघी भांडत भांडत घरी यायच्या. घरी आल्यावर चहा पिऊन पुन्हा भांडायच्या. नवरे हयात होते तोवर तसंच, नवरे गेल्यावर तर दिवसातून दोनदा. चार वर्षांपूर्वी झुलेखाचे गुडघे गेले आणि तिचा मुलगा तिला मिरजेला न्यायला आला. त्या वेळी विभाजक नव्हता, गर्दीचाच हिशेब होता, आणि बाई, विधवा, एकटी, अपंग अशा अर्जातल्या चार खान्यांत खूण झाल्यावर, जीव कुणात आहे हा पाचवा प्रश्न कुणी विचारत नसे. झुलेखा खुशीनं निघाली. तेच त्रिशलाबाईंना झोंबलं. भर रस्त्यात, गाडीत सामान चढवत असताना त्या म्हणाल्या, "जा, सुनेच्या दारातलं पायपुसणं हो." झुलेखानं एवढंच म्हटलं, "मगदूम बाई, तोंड आवरा," आणि काच वर केली. एरवी ती त्यांना त्रिशला म्हणायची.

इचलकरंजीहून मिरज म्हणजे काही लंडन नव्हे. एसटीनं तासाभराचा रस्ता. पण त्रिशलाबाई गेल्या नाहीत. आधी तिनं फोन करावा म्हणून थांबल्या, मग तिनं केला तर उचलला नाही, आणि मग तिनंही सोडून दिलं. एवढा सगळा निर्लज्ज हट्ट त्यांनी स्वाभिमान या नावानं सांभाळला.

त्या दिवशी घरी परतल्यावर जे झालं ते त्रिशलाबाईंना आयुष्यभर किळस येण्याजोगं होतं. त्यांना वाटलं होतं, पोरं सुटलो म्हणतील. दोघांचे मिळून पाच टक्के, गावात मिरवायची सोय झाली.

"तीन टक्के!" श्रेणिक म्हणाला. "दर महिन्याला येतोय मी इथं, आणि तीन टक्के?"

"तुला तीन तरी आहेत," पडद्यावरून सम्मेद म्हणाला. "मी तर परमुलखात. माझ्यासाठी आई झुरत असंल असं वाटायचं मला. दोन?"

"म्हणजे माझी आठवणच नाही," प्राजक्ता म्हणाली आणि चक्क रडायला लागली. "एवढं बोलल्या मला, एवढं मी ऐकून घेतलं. माझा काहीच वाटा नाही?"

"अरे, तुमच्यामुळं मला दुःख नाही म्हणतंय ते मशीन," त्रिशलाबाई ओरडल्या. "दुःख झालं असतं म्हणजे बरं वाटलं असतं काय तुम्हाला?"

तिघांनीही नजर चुकवली, म्हणजे वाटलं असतं. आईच्या दुःखात आपण कारणीभूत नाही, याहून तिच्या दुःखात आपल्याला मोजलंच नाही हे त्यांना जास्त लागलं होतं. लोकांना काय सांगायचं, हाही घोर होताच. पोटच्या पोरांपेक्षा शेजारीण जवळची, आणि तीही मुजावरीण, असं सम्मेद पुटपुटला. त्रिशलाबाईंनी हात लांबवून पडदा बंद केला.

"तीन महिने आहेत, आई," श्रेणिक जाताना म्हणाला. "मावशीला फोन कर. नाहीतर कायद्यानं तुला आमच्याकडं यावं लागंल."

"मेलो तरी करणार नाही."

फोन त्यांनी केला नाही. दोन महिने गेले. मग श्रेणिकनं स्वतःचं डोकं चालवलं, आणि तो ते चालवतो तेव्हा नेहमी अपघात होतो. वृद्धांना सोबत पुरवणारी एक कंपनी होती. तिथं त्यानं हवं तसं माणूस मागवलं. स्त्री, सत्तरीच्या आसपास, विधवा, निवृत्त शिक्षिका, मुसलमान, कबड्डीची माहिती असलेली. कंपनीनं सगळ्या खान्यांत बसणारी बाई पाठवून दिली. आईच्या उदासीवर उतारा म्हणून त्यानं तिच्या मैत्रिणीची बदली खेळाडू उतरवली होती.

रुकसाना बागवान सांगलीच्या होत्या, नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "ताई, चहा मी ठेवू?"

"कबड्डी येते तुम्हाला?"

"नियमांचा व्हिडिओ दाखवलाय आम्हाला."

"चढाईला गेलेल्यानं मधली रेषा ओलांडली नाही, तरी त्याला गुण मिळतो की नाही?" त्रिशलाबाईंनी गळ टाकला.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

"मिळतो म्हणतो मी."

"मिळत असंल की."

"अहो, रेषाच ओलांडली नाही तर त्याला गुण कशाचा, रेषेची रांगोळी न पुसल्याचा?"

"बरोबर आहे तुमचं," रुकसानाबाई म्हणाल्या.

त्रिशलाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. बाई मूर्ख वाटत नव्हत्या. डोळ्यांत सगळं कळत होतं. "तुम्हाला माझ्याशी भांडता येईल काय?" त्यांनी विचारलं.

"मनातून येईल, ताई," रुकसानाबाई म्हणाल्या. "पण आम्हाला परवानगी नाही. भांडलं की कंपनी दुसरं काम देत नाही."

त्रिशलाबाईंनी त्यांना चहा करून पाजला, तुमच्यात काही खोट नाही म्हणाल्या आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. रुकसानाबाई हसून उठल्या. दार लागलं. "मनातून येईल" हे आठवून त्रिशलाबाईंना एकदम हसू फुटणार होतं, आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं की ही गोष्ट झुलेखाला सांगितली पाहिजे. यंत्राची अक्कल, श्रेणिकची खरेदी, न भांडणारी बदली मैत्रीण. ऐकून ती खोकेपर्यंत हसली असती आणि मग म्हणाली असती, चूक तुझीच आहे. गल्लीत सांगायला माणसं होती, मुलं होती, सून होती. पण हे सांगण्याजोगं जगात एकच माणूस होतं. त्रिशलाबाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. नवरा गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

तरी आणखी दोन आठवडे त्या गेल्या नाहीत. स्वभाव असा एका दुपारीत सुटत नाही. शेवटी मुदत संपत आल्यावर, घर जाऊ नये म्हणून चाललोय, दुसरं काही नाही, असं स्वतःला बजावून त्या मिरजेच्या एसटीत बसल्या.

झुलेखाच्या मुलाचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती समोरच्या खोलीतच बसली होती, पाय स्टुलावर घेऊन, भाजी निवडत. केस सगळे पांढरे झाले होते. अंगानं धडधाकट दिसत होती. पायपुसणं तर मुळीच दिसत नव्हती.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

"आलो."

"बस. ती भाजी सरकव जरा."

एवढं बोलून झुलेखा पुन्हा मेथी निवडायला लागली. त्रिशलाबाईंनी केंद्राची, वाटणीची, बदली बाईची सगळी हकीकत एका दमात सांगितली. सांगताना माफीच्या जागी आल्या की त्या गाडी दुसरीकडं वळवत. झुलेखा खरंच खोकेपर्यंत हसली.

"सत्तरच्या वर?" ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्यामुळं?"

"मशीन म्हणतंय. तुझी झाली वाटणी?"

"झाली की, दिवाळीच्या सुमाराला. माझा आकडा हिरवा आहे. त्यात निम्मे गुडघे, थोडा आमच्या ह्यांचा, थोडा सुनेच्या टीव्हीचा."

"आणि माझा?" त्रिशलाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

झुलेखा भाजी निवडायची थांबली. "तुझा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे किती?"

"म्हणजे नाही. शून्य."

त्रिशलाबाई उठल्या. पर्स घेतली. तीन टक्क्यांसाठी रडणाऱ्या पोरांना त्यांनी किती झापलं होतं, आणि आता शून्यासाठी त्या स्वतःच रुसून निघाल्या होत्या. चार वर्षं त्या इकडं वाळत गेल्या आणि ही बया इथं मेथी निवडत मजेत होती. आपण आलो हेच चुकलं. घर गेलं तरी चालेल, नववा मजला तर नववा मजला.

"कुठं निघालीस?" झुलेखानं विचारलं.

"सहा वाजताची गाडी आहे."

"गाढव आहेस तू," झुलेखा शांतपणे म्हणाली. "गणितात तर पहिल्यापासूनच होतीस. ते मशीन काय मोजतं? माणूस गमावल्याचं दुःख मोजतं. मी तुला गमावलं कधी?"

"चार वर्षं तोंड बघितलं नाहीस माझं."

"नाही बघितलं. पहिल्या वर्षी तुमची ती क्षमावाणी आली. शाळेच्या शिपायाला तुझा निरोप आला, आमच्या दर्ग्याच्या वॉचमनलासुद्धा आला. मला नाही. मी म्हटलं, चला, बाई अजून भांडतेय. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. दर वर्षी त्या दिवशी मी फोन घेऊन बसायचो आणि निरोप आला नाही की निवांत झोपायचो. तो सगळ्यांना जाणारा निरोप मला आला असता ना त्रिशला, त्या दिवशी माझा आकडा तांबडा झाला असता. त्या गर्दीत मला टाकलंस, म्हणजे मग मी गेलोच की तुझ्यातून."

त्रिशलाबाई पर्स हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. विभाजकानं हजारो जुळ्या बहिणी तपासल्या होत्या आणि हे त्याला दिसलं नव्हतं. न पाठवलेल्या निरोपात यंत्र एकीचं दुःख मोजत बसलं, दुसरीचा भरवसा त्याला कळलाच नाही. त्यांना स्वतःलाही कळला नव्हता, म्हणून यंत्राला नावं ठेवायला या खेपेला त्यांची जीभ उचलेना.

"मी फार वाईट बोललो होतो," त्या म्हणाल्या. "पायपुसणं म्हणालो. भर रस्त्यात. मला तू जायला नको होतीस, एवढंच होतं ते. माफ कर मला."

"ऐकलं," झुलेखा म्हणाली. "आता दर बुधवारी पोरगा मला तुझ्याकडं सोडंल, त्याचं काम असतं तिकडं. रविवारी तू ये. त्या डॉक्टरणीला सांग, मोठं कारण हललंय. गुडघ्यामुळं हळूहळू हलतंय म्हणावं."

मग ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मदतीला गेलेल्या त्रिशलाबाईंना तिनं बाहेर हाकललं. आली ती ताटात उपीट घेऊन. कांदा नव्हता. खिडकीबाहेर ऊन सरकून समोरच्या गच्चीवर गेलं होतं. दिवस मावळल्यावर त्रिशलाबाई तोंडात घास घालत नाहीत, जैनांच्या घरची ही रीत, आणि घरी पोचेपर्यंत अंधार होणार हे झुलेखानं त्या दारात उभ्या असतानाच जोखलं होतं.

"खा लवकर," ती म्हणाली. "पाच मिनिटं आहेत सूर्याला."

त्रिशलाबाईंनी घास घेतला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे मीठ."

"कमी आहे. आयुष्यभर गणित शिकवलंस, चिमूट कळत नाही तुला."

"तुझ्या जिभेलाच चव राहिली नाही, त्याला मी काय करू?"

"माझ्या जिभेवर जाऊ नकोस, सांगतो."

आतून सून डोकावून गेली. पाहुण्या बाई भांडतायत की काय, अशी तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. झुलेखानं तिला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि ताटात आणखी वाढलं. मीठ बरोबर होतं. त्रिशलाबाईंनी ताट पुसून खाल्लं आणि शेवटच्या घासापर्यंत ते कमीच आहे म्हणत राहिल्या.